मधपेटीचे लाकूड आणि रंगाऱ्याचा हात

श्रोतेहो, मधपेटीच्या लाकडाला उन्हापावसापासून कसे राखावे, हा विषय वसंत व्याख्यानमालेत पुष्कळांना किरकोळ वाटेल. आम्ही शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत पुष्कळ शिकलेले गृहस्थ. एखादी वस्तू फार टिकली असे कोणी म्हणाले, की ती टिकवताना कोण झिजले, असे विचारण्याची आम्हांस खोड लागली आहे. तोच प्रश्न आज या पेटीला विचारायचा आहे.

आपल्या हिंगोलीकडे मध म्हणजे आग्या मोहोळाचा, नाही तर फुलोरी माशीचा. पोळे कापावे, पिळावे आणि टाकून द्यावे. राखून ठेवावे असे त्यात काहीच नव्हते. 1851 साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानी आले की, सुमारे तीन अष्टमांश इंचाची मोकळी वाट ठेवली, तर माश्या ती मेणानेही भरत नाहीत आणि राळेनेही बुजवीत नाहीत. त्यातून सुट्या चौकटींची पेटी निघाली. पेटी वर्षानुवर्षे वापरायची झाली आणि तिचे लाकूड टिकवण्याचा प्रश्न तेथे जन्मला. आपल्या सातेरी माशीच्या बेताची लहान पेटी दक्षिणेत फादर न्यूटन यांनी 1911 ते 1917 च्या सुमारास रूढ केली. पुढे महाराष्ट्रात महाबळेश्वर हे या धंद्याचे केंद्र झाले, तर पुण्यास 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली.

महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे त्याचा पाव हिस्साही नाही, पण मे महिन्यातले ऊन असे की फळी तडकते. तडकलेल्या फळीत पुढे पाणी शिरते. त्यातही युरोपची माशी झाडांची राळ आणून फटी स्वतः लिंपते. सातेरी ते करीत नाही. म्हणून आपल्या पेटीची फट ही सुताराची जबाबदारी होय. ती राहिली, तर तीत मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो आणि पोळ्याची माती होते.

लाकूड टिकवण्याचे उपाय मोठ्या उद्योगांनी शोधले. इंग्लंडात बेथेल याने 1838 साली दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे तेल दाबाने लाकडात भरण्याची सनद घेतली. रेल्वेचे स्लीपर त्याने तरले. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम व सोमल यांचे मिश्रण सिद्ध केले आणि ते जगभर गेले. ही बुद्धी आपल्या देशातली, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जे विष वाळवीला मारते, ते माणसाला ओळखून सोडीत नाही. डांबराच्या तेलात हात घालणाऱ्या मजुरांना कातडीचा कर्करोग होई. जवसाचे तेल लवकर वाळावे म्हणून ते मुरदाडशिंग घालून कढवीत. मुरदाडशिंग म्हणजे शिसेच. पांढऱ्या रंगातला सफेताही पुष्कळदा शिशाचा. रंगाऱ्याच्या पोटात कळा येत, मनगटे लुळी पडत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 साली इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाच्या सफेत्याला मनाई करणारा करार केला, पण त्यातही अपवाद ठेवले. आपल्या देशात घरगुती रंगातले शिसे दशलक्षात 90 भागांवर बांधणारा नियम अमलात यायला 2017 साल उजाडले.

मधपेटीला मात्र ही विषे मानवत नाहीत. सोमलाने माश्या मरतात, आणि मेण परका वास व तेल शोषून घेते. सातेरीला तर जागा पसंत पडली नाही, की ती सगळा संसार टाकून उडून जाते. आम्ही गमतीने म्हणतो, हिच्या संपाला नोटीस लागत नाही! रंगाऱ्याला तसे उठून जाता येत नाही. घरी चूल पेटायची असते. माशीचा नकार मालकाला एका दिवसात कळला. माणसाचे दुखणे कळायला शंभर वर्षे का लागावीत?

तेव्हा पेटीची जुनी, निरुपद्रवी रीतच बरी. फळी चांगली वाळलेली असावी, सांधे घट्ट असावेत. फळीची टोके पाणी अधिक पितात, म्हणून तेथे तेलाचा हात अधिक द्यावा. बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचे दोनतीन पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. आतून काही लावू नये. माश्यांच्या श्वासाची ओल लाकडाने पिऊन बाहेर टाकली पाहिजे. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. या रीतीला वेळ लागतो, हे खरे. मुरदाडशिंग आले ते हाच वेळ वाचवण्यासाठी, आणि वाचलेल्या वेळाची किंमत रंगाऱ्याच्या मनगटांनी भरली. पेटी घेताना आपण फळीवर टिचकी मारून पाहतोच. रंगाच्या डब्यात काय होते आणि तो लावणाऱ्याला वाळण्यापुरता वेळ व मजुरी मिळाली की नाही, हेही सुताराला विचारीत जावे, एवढीच आमची विनंती आहे.