चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे! फायरफॉक्समधील जोडणी आणि रूपांतर

महाजालावरून एखाद्या मैफलीची चित्रफीत उत्तम दर्जात उतरवून घ्यावी, घरच्या मंडळींना जमवून ती सुरू करावी आणि गवयाचे ओठ हलताना दिसावेत, पण आवाज मात्र उमटू नये, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. मग स्पीकर तपासले जातात, वायर हलवून पाहिली जाते. वास्तविक दोष यांपैकी कशातच नसतो. उतरवलेल्या फायलीत आवाज मुळातच नसतो. तो दुसऱ्या फायलीत राहून गेलेला असतो.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा चित्र आणि आवाज एकाच फायलीत येत असत. पुढे नेटच्या वेगानुसार दर्जा आपोआप कमी-जास्त करण्याची पद्धत रूढ झाली. ‘डॅश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या एका प्रकाराला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या पद्धतीत चित्र अनेक दर्जांत, काही सेकंदांच्या तुकड्यांत साठवलेले असते आणि आवाजाचा प्रवाह बहुधा स्वतंत्र ठेवला जातो. तोच आवाज चित्राच्या प्रत्येक प्रतीला पुन:पुन्हा चिकटवण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. पाहताना ब्राउझर दोन्ही प्रवाह एकत्र वाजवतो म्हणून प्रेक्षकाला काही कळत नाही; उतरवून घेताना मात्र ही फाळणी उघडी पडते.

ती सांधण्यासाठी फायरफॉक्सच्या वापरकर्त्यांत विशेष परिचित झालेले अ‍ॅड-ऑन म्हणजे ‘व्हिडिओ डाऊनलोडहेल्पर’. पानावर चित्रफीत सापडली की टूलबारवरील त्याचे चिन्ह रंगीत होते आणि मेनूत उपलब्ध दर्जांची यादी येते. सातव्या आवृत्तीत ‘एडीपी’ अशी खूण असलेला पर्याय म्हणजे चित्र व आवाज वेगळे उतरवून नंतर जोडले जाणार, असे समजावे लागे.

ही जोडणी अ‍ॅड-ऑन एकट्याच्या बळावर करीत नसे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि जुन्या धर्तीची अ‍ॅड-ऑन बाद झाली. नव्या नियमांत अ‍ॅड-ऑनला संगणकावरील अन्य प्रोग्राम थेट चालवता येत नाही. त्यामुळे ‘कम्पॅनिअन अ‍ॅप’ नावाचा एक साथीदार प्रोग्राम वेगळा बसवावा लागू लागला. प्रत्यक्ष काम करणारा कारागीर त्याच्याही पोटात असतो, तो म्हणजे ‘एफएफएमपेग’. फ्रेंच प्रोग्रामर फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर. सातव्या आवृत्तीत विंडोज वा मॅकवर परवाना न घेता हे काम केल्यास चित्राच्या कोपऱ्यात क्यूआर कोडचा चौकोन उमटत असे. अनेकांनी तो व्हायरस समजून धसका घेतला!

पुन्हा शिजवू नका

वापरकर्त्यांचा खरा घोटाळा होतो तो जोडणी आणि रूपांतर यांत. जोडणी म्हणजे दोन डब्यांतील जिन्नस जसाच्या तसा उचलून एका डब्यात ठेवणे. दर्जा तसूभरही घटत नाही आणि दोन तासांचे चित्रणही सहसा काही सेकंदांत तयार होते. रूपांतर म्हणजे तोच जिन्नस पुन्हा शिजवणे. त्याला वेळ लागतो, आणि नेहमीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक वेळी थोडा तपशील कायमचा जातो. मोठा आकडा निवडल्याने गेलेले परत येत नाही. १२८ केबीपीएसचा एएसी आवाज तासाला सुमारे ५८ एमबी जागा घेतो. त्याचे ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये रूपांतर केले तर फाइल १४४ एमबीची होते, गाणे मात्र पूर्वीपेक्षा कणभरही सुरेल होत नाही.

मग रूपांतर करावे कधी? टीव्ही किंवा जुना फोन फाइल वाजवायला नकार देईल तेव्हाच. एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज यांची जोडी एमपी४ मध्ये सुखाने नांदते. व्हीपी९ आणि ओपस यांचे घर वेबएम. जोडी विजोड असेल तर एमकेव्ही निवडावे, ते जवळपास सर्वांना सामावून घेते. ही निवड चुकल्याने अनेकदा विनाकारण रूपांतर करावे लागते.

संगणकावरील स्वत:च्या फायली जोडण्याची सोयही या अ‍ॅड-ऑनमध्ये दिलेली होती. स्नेहसंमेलनाचे चित्रण फोनवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल, तर हा मार्ग सुचणे स्वाभाविक आहे. पण येथे गाठ काळाशी असते. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल, तर दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या क्षणी सुरू झाली एवढाच अर्थ. अशा वेळी आधीच टाळी वाजवून ठेवलेली असली, की तो क्षण दोन्हीकडे शोधून पुढचा भाग कापता येतो. आरंभी जुळलेला आवाज हळूहळू सुटत गेला तर दोन यंत्रांची घड्याळे एकाच गतीने चाललेली नाहीत. तेथे केवळ जोडणी पुरत नाही, ऑडिओ संपादनाच्या प्रोग्राममध्ये आवाज किंचित ताणावा किंवा आवळावा लागतो. म्हणूनच जोडलेली फाइल शेवटच्या पाच मिनिटांत तपासून पाहावी आणि तोवर मूळ फायली पुसू नयेत.

कायद्याचा प्रश्न उरतोच. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापर व संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देते. परंतु कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडल्यास, २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. संकेतस्थळांच्या अटी याहून वेगळ्या असतात. यूट्यूबच्या अटींत परवानगीवाचून चित्रफिती उतरवण्यास मनाई आहे. क्रोमसाठीच्या डाऊनलोडहेल्परमध्ये यूट्यूबची सोय नाही, ती गूगलच्या अ‍ॅड-ऑन भांडारातील नियमांमुळेच.