तासाभराच्या भेटीची कुळकथा

दुबई-शारजातल्या मराठी घरांत सुट्टीचे बेत सुरू झाले की जॉर्जिया, बाकू, मसाईमारा या नेहमीच्या नावांत आता गोरिला ट्रेकिंगही असतं. दुबईहून एन्टेबेला थेट विमान आहे, किगालीलाही आहे. इथल्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात आणि नेमका तेव्हाच युगांडा-रवांडात पाऊस कमी असतो. रवांडात तर गोरिलांच्या डोंगराच्या पायथ्याशी आणि न्युंग्वेच्या वर्षावनाच्या कडेला जी 'वन अँड ओन्ली' हॉटेलं आहेत, ती ज्या कंपनीची, तिच्यात दुबई सरकारच्या गुंतवणूक महामंडळाची मोठी मालकी आहे. बेत पक्का होत आला की परमिटचा आकडा समोर येतो. रवांडात माणशी १५०० डॉलर, म्हणजे साडेपाच हजार दिरहम. युगांडात ८०० डॉलर. त्यात मिळतं काय? एका गटाला दिवसातून एकदाच भेट, बरोबर जास्तीत जास्त आठ जण, आणि गोरिला दिसल्यापासून एक तास. घरोघरी पहिला प्रश्न हाच निघतो की एवढे पैसे भरून तासच का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सत्तर वर्षांच्या खटपटीत दडलेलं आहे.

आफ्रिकेतले प्राणी बघायला अमिरातीतून बाहेर जायची गरज नाही. शारजात अल धैदजवळच्या अल ब्रिदी राखीव क्षेत्रात फेब्रुवारी २०२२ मध्ये शारजा सफारी सुरू झाली. आठ चौरस किलोमीटरचा पसारा, शंभरावर जातींचे प्राणी, हजारो बाभळी, आणि आफ्रिकेबाहेरची सर्वांत मोठी सफारी अशी तिची ख्याती. मुलांना घेऊन जरूर जावं, मीही जाते. पण तिथे तुमच्या आणि प्राण्याच्या मध्ये चर, कुंपण किंवा गाडीची काच असते. युगांडातल्या बविंडीच्या जंगलात यांतलं काहीच नसतं. पायी जायचं, आणि दीडशे किलोहून जड, पाठीवर रुपेरी केस आलेला नर दहा मीटरवर पाला ओरबाडत बसलेला असतो. तो पळत नाही, अंगावरही येत नाही. असा तो जन्मतः नसतो. त्याला तसं होऊ देण्याच्या रीतीला जाणकार हॅबिच्युएशन म्हणतात, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याविषयीच.

आपल्याला ही रीत चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडचं वानर देवळाच्या कठड्यावरच बसलेलं असतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळ वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करत होते. टोळी ताब्यात घेणारा नवा नर आधीची पिल्लं मारतो, हे त्यांनी तिथे नोंदवलं. इतकं खासगी वर्तन दिसू शकलं, कारण आपल्या वानरांना माणसाची धास्ती नव्हती. आफ्रिकेच्या डोंगरांत माणूस म्हणजे फास, भाला नाहीतर बंदूक. विज्ञानाला डोंगरी गोरिला माहीत झाला तोच गोळीने. १९०२ मध्ये रॉबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन अधिकाऱ्याने साबिन्यो ज्वालामुखीवर दोन गोरिला मारले आणि त्या जातीला त्याचंच नाव चिकटलं. १९२१ मध्ये कार्ल एकली न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी गोरिला मारायला आला. मारलेही. पण नंतर त्याला ते सलत राहिलं आणि गोरिलांना संरक्षण मिळावं म्हणून त्याने बेल्जियमच्या राजाकडे लकडा लावला. १९२५ मध्ये आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान झालं, आफ्रिकेतलं पहिलं. पुढच्याच वर्षी एकली त्याच डोंगरात वारला.

गोरिला 'बघायला' जायची चाल पडली ती युगांडातल्या किसोरोत. वाल्टर बाउमगार्टेल या जर्मन गृहस्थाने १९५५ मध्ये तिथलं ट्रॅव्हलर्स रेस्ट हे छोटं हॉटेल चालवायला घेतलं. त्याचा वाटाड्या रूबेन र्वान्झागिरे पाहुण्यांना डोंगरावर न्यायचा. गोरिला दिसलाच तर पळताना दिसायचा. खाऊ ठेवून त्यांना जवळ आणायचे प्रयत्न झाले ते फसले. खाऊची युक्ती इतरत्र चालली होती. जपानमध्ये कोशिमा बेटावरच्या माकडांना १९५२ पासून रताळी देत होते आणि पुढे जेन गुडॉलनी गोम्बेत चिंपांझींसाठी केळी ठेवली. केळ्यांपायी तिथे मारामाऱ्या वाढल्या, हा त्यातला धडा. डोंगरी गोरिलाला मात्र कशाचंच आमिष नव्हतं. रानसेलरी, खाजरी पानं, काटेरी पाला, बांबूचे कोंब, चहूकडे त्याचं खाणंच खाणं. तो बसलेला असतो तोच मुळी ताटात!

म्हणजे आमिष नाही, धाक नाही. उरली फक्त रोजची हजेरी. ती पद्धतशीरपणे करून पाहिली जॉर्ज शॅलर यांनी, १९५९-६० मध्ये, विरुंगा डोंगरांतल्या काबारा इथे. ते बंदूक घेत नसत. लपून बघत नसत. एकटे, संथ पावलांनी, गोरिलांना लांबून दिसेल अशा जागी येऊन बसत. त्यामागचा विचार साधा होता: जो लपतो तो शिकारी, जो उघड्यावर बसतो त्याचं भय कमी. गोरिला आधी ओरडून पळत, मग नुसते सरकत, मग थांबून बघत. डायन फॉसी यांनी १९६७ पासून रवांडातल्या कारिसोकेत हीच रीत आणखी पुढे नेली. त्या हातापायांवर रांगत जात, पाला चावल्याचं दाखवत, आणि समाधानाने खाताना गोरिला घशातून जो खोल आवाज काढतो तो काढत. आजही रेंजर गटाजवळ जाताना हाच आवाज देतात. तीन वर्षांनी, १९७० मध्ये, पीनट्स नावाच्या नराने फॉसींच्या हाताला हात लावला.

पर्यटकांसाठी गट तयार करण्याचं काम साधारण याच सुमारास काँगोच्या काहुझी-बिएगामध्ये एड्रियन देश्रायव्हर यांनी सुरू केलं. परंतु तासाचा नियम रुजला तो रवांडात. तिथे १९६९ मध्ये गोरिलांच्या उद्यानाचं जवळजवळ ४० टक्के जंगल पायरेथ्रम या कीटकनाशक फुलांच्या शेतीसाठी तोडलं गेलं होतं आणि आता गुरांसाठी आणखी जमीन मागितली जात होती. बिल वेबर आणि एमी वेडर या दांपत्याने सरकारपुढे हिशेब मांडला की जिवंत गोरिला गुरांपेक्षा जास्त उत्पन्न देईल. १९७९ मध्ये मोजक्या गटांना पर्यटकांची सवय लावायला घेतली. सहा पाहुणे, दिवसातून एकदा, एक तास. फॉसींचा याला कडवा विरोध होता. त्यांचा लाडका नर डिजिट १९७७ च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारला होता, आणि ज्याची भीती मोडली तो शिकाऱ्यापुढेही उभा राहतो, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

मला दोन्ही बाजूंचं पटतं. १९८१ च्या मोजणीत विरुंगा डोंगरांत २५४ गोरिला उरले होते. अलीकडच्या मोजण्यांत विरुंगा आणि बविंडी दोन्ही मिळून १०६३ भरले. पर्यटनाच्या पैशांशिवाय हे झालं नसतं. पण जून २०२० मध्ये, कोविडमुळे पाहुणे बंद असताना, बविंडीतल्या एन्कुरिंगो गटाचा म्होरक्या राफिकी एका शिकाऱ्याच्या भाल्याने मेला. पंचविशीतला, माणसाला सरावलेला नर. त्याची भीती आपण काढून घेतली होती. त्या भेटीची खरी किंमत गोरिला भरतो, आणि ती कमीत कमी ठेवायची म्हणून तास.

दुसरं कारण रोगराईचं. माणसाचा आणि गोरिलाचा वंश इतका जवळचा की आपली साधी सर्दी त्याला मारू शकते. १९८८ मध्ये रवांडातल्या गोरिलांत श्वसनाचा आजार पसरून सहा माद्या दगावल्या. गोवराचा संशय आला आणि डार्टने लस टोचावी लागली. १९९६ मध्ये बविंडीत खरजेने गोरिला आजारी पडले, एक पिल्लू गेलं. तेव्हाच्या तरुण पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी माग काढला तो गावातल्या माणसांच्या कपड्यांपर्यंत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत तेही यासाठीच. गोवर, कांजिण्या बहुधा त्याच वयाच्या. इथल्या आयांनी हे मनाला लावून घेऊ नये. गोरिलापासून लांब राहायचा नियमही याचसाठी: सुरुवातीला पाच मीटर, मग सात, आणि कोविडनंतर दहा मीटर अंतर, वर तोंडाला मास्क. पीतज्वराची लस मात्र आपल्या बाजूची सोय. तिचं पिवळं कार्ड नसेल आणि युगांडाहून सहा दिवसांच्या आत मुंबईत उतरलात, तर विलगीकरणात राहावं लागतं.

तासाच्या अलीकडे काय चालतं ते पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून जरा सांगते. आदल्या दिवशी गट जिथे सोडला तिथे ट्रॅकर उजाडताच पोचतात. तुडवलेला पाला, सोललेल्या देठांची सालं, विष्ठा बघत रात्रीच्या मुक्कामापर्यंत जातात. प्रत्येक मोठा गोरिला रोज संध्याकाळी फांद्या-पाला मुडपून नवं अंथरूण करतो, तान्हं आईपाशी झोपतं. अंथरुणं मोजली की गट पुरा आहे का ते कळतं. कोण कुठला ते नाकावरच्या सुरकुत्यांवरून ओळखतात, दोन नाकं सारखी नसतात. मग ताजा माग धरून गट गाठायचा आणि रेंजरला वायरलेसवर कळवायचं. नव्या गटाला सरावायला अशी रोजची पायपीट दोन-तीन वर्षं करावी लागते. त्यात नर कितीदा तरी छाती पिटत धावून येतो, तेव्हा पाठ न दाखवता खाली बसून राहायचं. बविंडीतला मुबारे गट असाच घडला आणि १९९३ मध्ये पाहुण्यांना खुला झाला.

युगांडात आता चार तासांचं परमिटही मिळतं, दर दुपटीहून जास्त. अजून पुरते न सरावलेले गट, आणि सरावाच्या त्या कामात पैसे भरून पाहुणा सामील. कितीही रोमांचक वाटलं तरी ते घेऊ नये, असं मी ओळखीतल्यांना सांगते. जो नर अजून माणसाला बिचकतो त्याच्यापुढे चार तास बसायचा हक्क फक्त रोज येणाऱ्या ट्रॅकरचा आहे.

आणि हा माग काढायची विद्या मुळात कोणाची? त्या जंगलांत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या बट्वांची. देश्रायव्हर यांचे वाटाडे हेच लोक, पुढच्यांचे गुरूही बऱ्याच अंशी हेच. १९९१ मध्ये बविंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली आणि बट्वांना जंगलाबाहेर काढलं गेलं, जमिनीच्या बदल्यात जमीन न देता. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. रवांडात उद्यानांच्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा आता आसपासच्या गावांना जातो. युगांडातही गोरिला परमिटमागे ठराविक रक्कम गावांसाठी काढून ठेवतात. बविंडीला जाणाऱ्यांनी सामान उचलायला पोर्टर घ्यावाच, झेपत असलं तरी. आणि बट्वांच्या वस्तीत जायचं ठरलं, तर पैसे त्यांच्या हातात पडतात की मधल्या एजंटच्या, हे दुबईतूनच बुकिंग करताना विचारून घ्यावं.