बंदुकीची नळी, दस्ता आणि उस्तादांचे हात

पानिपतची १५२६ ची लढाई आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. बाबरच्या तोफा-बंदुकांपुढे इब्राहीम लोदीचे मोठे सैन्य टिकले नाही, हे आपल्याला पाठ असते. पण बंदुकीची लोखंडी नळी लाकडावर बसवली कशी, आणि कोणी, हे आपण कधी विचारत नाही. मुसलमानांचा इतिहास म्हणजे बादशहांचा इतिहास, असे इतरांनी म्हटले आणि आपणही ते मुकाट्याने मान्य केले. वास्तविक आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज तख्तावर नव्हते. ते मागावर, भात्यापुढे आणि रंध्यामागे होते.

सुरुवातीची हातबंदूक फार साधी होती. जर्मनीतील टानेनबर्गचा किल्ला १३९९ मध्ये उद्ध्वस्त झाला. तिथे सापडलेल्या छोट्या बंदुकीच्या मागच्या टोकाला पोकळ खोबण आहे. भाल्याच्या फाळात काठी बसवावी तसा तिच्यात लाकडी दांडा बसवत. दुसरी रीत म्हणजे लाकडाला लांब पन्हळ कोरायची, नळी तीत निजवायची आणि वरून लोखंडी पट्ट्या आवळायच्या. पुढे युरोपात नळीच्या पोटाला छोट्या कड्या जोडून, लाकडातून आडव्या खिळी ठोकून ती पक्की करू लागले.

हिंदुस्थानातल्या तोड्याच्या बंदुकीने पट्ट्यांचीच रीत धरली. सडपातळ दस्त्याच्या पन्हळीत नळी बसवून तिला चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी जागोजाग बांधत. ओले कच्चे चामडे वाळले की आक्रसते आणि नळीला घट्ट धरते. दारूच्या राखेने नळी सारखी भरते. बांधणी सोडली की नळी उचलून साफ करता येई.

खरी कसोटी पन्हळीची. ती सैल राहिली तर नळी हलते आणि नेम चुकतो. नळी लाकडाला सगळीकडे सारखी टेकली नाही, तर बाराचा दणका एकाच जागी बसून दस्ता चिरतो. म्हणून नळीला काजळी लावून ती पन्हळीत दाबायची, काळा डाग उमटेल तिथे लाकूड तासायचे आणि पुन्हा दाबायचे, ही बंदूक बनवणाऱ्यांची जुनी रीत. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बंदुकीच्या कारखान्याला स्वतंत्र जागा दिली. पूर्वी नळी पाव भागापेक्षा अधिक भरता येत नसे. अकबराच्या कारखान्यातली तोंडापर्यंत भरली तरी फुटत नसे, असे तो लिहितो. लोखंडाचा पत्रा तिरका गुंडाळून, कडा एकमेकींवर चढवून, तापवून सांधत. बैलाने फिरवायच्या एका चाकावर सोळा नळ्या साफ होत. बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कुठून आणले ती जागा, बनवण्याचे ठिकाण, तारीख आणि कारागिराचे नाव अशा खुणा असत. उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन नावे तो आवर्जून नोंदवतो.

चितोडच्या वेढ्यात १५६८ साली अकबराने 'संग्राम' नावाच्या बंदुकीने जयमलचा वेध घेतला, हे आपण ऐकतो. बादशहाचे नाव राहिले, बंदुकीचेही राहिले. पण ज्या हातांची नावे खुद्द बादशहाने लोखंडावर उमटवून घेतली, ती आपल्या तोंडी नाहीत. आपल्या घरात, मोहल्ल्यात आजही हुनर असलेले म्हातारे हात आहेत. निदान त्यांची नावे तरी आपण आजच लिहून ठेवूया.