वजन उतरवायचं की शर्यत धावायची? धावणं आणि आहाराचा शंभर वर्षांचा इतिहास

दिवाळी संपली की स्वारगेट परिसरात पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते. कोणी सणस मैदानावर फेऱ्या मारतं, कोणी सारसबागेभोवती, तर कोणी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून-उतरून दम वाढवतं. डिसेंबरमधली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून भरते आणि अलीकडे ती अनेकदा सणस मैदानाजवळूनच सुटली आहे. दरवर्षी बरेच जण एकाच वेळी दोन संकल्प करतात: "शर्यत धावायची आणि त्याच तयारीत दहा किलो वजनही उतरवायचं."

हे दोन्ही एकदम जमतं का? थोडक्यात सांगायचं तर काही प्रमाणात जमतं, पण शरीर दोन्हीकडे सारखं लक्ष देऊ शकत नाही. असं का, हे समजण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना काय काय कळत गेलं ते पाहू.

पुण्याचे अनवाणी धावपटू

१९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. तिथे शेतकरी घरातली मुलं अनवाणी धावत होती आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास होत्या. ते पाहून टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठवायचा प्रयत्न हाती घेतला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत १९ वे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरने लांब होती.

शेतावर राबणाऱ्या या मुलांपुढे वजन कमी करण्याचा प्रश्न नव्हता. आपली गोष्ट उलटी आहे. आपण दिवसभर खुर्चीत बसतो आणि पहाटेचा एक तास धावतो. त्यामुळे "धावणारे सडपातळ असतात, म्हणून मी धावलो की सडपातळ होईन" हा हिशेब आपल्याला तसाच्या तसा लागू होत नाही.

शर्यतीत उतरलेलं वजन कशाचं?

१९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये धावपटूंना वाटेत पाणी जवळजवळ मिळतच नव्हतं. विजेत्या थॉमस हिक्सला पाण्याऐवजी अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन हे विष देण्यात आलं. त्या एका शर्यतीत त्याचं वजन साडेतीन किलोंहून अधिक घटलं. ते जवळजवळ सगळं पाणी होतं.

लांब धावून आल्यावर वजनकाट्यावर दीड-दोन किलो कमी दिसले तर आनंद मानू नका. पाणी प्यायल्यावर आणि जेवल्यावर ते भरून निघतं. खरा हिशेब असा आहे: धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी खर्च होते. ७० किलोच्या माणसाने २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन धावली तर सुमारे १,५०० कॅलरी जातात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे सगळा खर्च चरबीतून झाला असं धरलं तरी अख्ख्या हाफ मॅरेथॉनमध्ये २०० ग्रॅमसुद्धा चरबी जात नाही. त्यानंतर मिसळ, जिलबी आणि गोड चहा झाला की त्यातलाही मोठा भाग परत आला.

रिकाम्या टाकीवर धावणं

१९२४ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन संपल्यावर सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे फिकट पडले होते, गळून गेले होते किंवा गोंधळल्यासारखे वागत होते, त्यांच्यापैकी अनेकांची रक्तशर्करा फार खाली गेली होती. पुढच्या वर्षी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ जास्त दिले आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या. साखर टिकली आणि प्रकृतीही चांगली राहिली.

१९३९ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्टेनसेन आणि हॅन्सन यांनी दाखवलं की भरपूर कर्बोदकं खाणारा माणूस, स्निग्ध आहार घेणाऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त वेळ व्यायाम करू शकतो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासायची पद्धत आली. मग कारण कळलं: स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते आणि ती संपली की पाय चालेनासे होतात.

म्हणून भात-पोळी-भाकरी पूर्ण बंद करून शर्यतीची तयारी करणाऱ्यांना पंधराव्या किलोमीटरला पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. त्यांची जिद्द कमी पडत नाही, त्यांची टाकीच रिकामी असते.

उपासमारीचा प्रयोग

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. त्यांना २४ आठवडे रोज सरासरी १,६०० कॅलरींच्या आत-बाहेर आहार दिला आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. त्यांचं वजन साधारण चतुर्थांशाने घटलं. पण सोबत ताकद गेली, थंडी सहन होईना, नाडी मंदावली, चिडचिड वाढली आणि डोक्यात सतत खाण्याचेच विचार येऊ लागले. आहार पुन्हा सुरू झाल्यावर अनेक जण अनावर खात सुटले आणि शरीरात आधीपेक्षा जास्त चरबी जमली.

ही माणसं धावतही नव्हती, फक्त चालत होती. आज १,००० किंवा १,२०० कॅलरींचा डाएट चार्ट धरून आठवड्याला ४० किलोमीटर धावणारे लोक हाच प्रयोग स्वतःवर करत असतात.

बसचे कंडक्टर आणि ज्यूट गिरणीचे कामगार

स्वारगेटला एसटी आणि पीएमपीच्या बस रोज पाहणाऱ्या आपल्याला पुढची गोष्ट जवळची वाटेल. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी होता. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरची कंबर तरुण वयातही जास्त निघाली. मग फरक फक्त पोटाचा होता का? तर नाही. पुढच्या अभ्यासात असं दिसलं की सडपातळ असो वा जाडजूड, कंडक्टरना आकस्मिक मृत्यूचा धोका ड्रायव्हरपेक्षा कमीच होता. म्हणजे वजनकाटा हलला नाही तरी हालचालीचा फायदा मिळतो.

त्याच १९५६ साली जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या २१३ पुरुषांचा आहार मोजला. जड काम करणारे जास्त खात होते, हे अपेक्षितच. पण अगदी बैठं काम करणारेही भरपूर खात होते आणि त्यांचंच वजन जास्त होतं. थोडी तरी हालचाल असेल तर भूक गरजेनुसार चालते, हालचाल फारच कमी झाली की भुकेचा काटा बिघडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपण धावतो त्या एका तासाइतकेच उरलेले पंधरा तासही महत्त्वाचे आहेत.

लिफ्ट गाठणारा डॉक्टर आणि मॅरेथॉन धावणारा डॉक्टर

या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग पुण्याचा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! कारणांमध्ये जीवनशैलीचाही वाटा असेल, असं त्यांनी गमतीने लिहिलं: एक जण मॅरेथॉन धावतो, दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाची लिफ्ट बंद व्हायच्या आत ती गाठणं.

गमतीमागे गंभीर संशोधन होतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं वजनाने लहान असतात. इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली तर त्यांचे स्नायू कमी दिसतात, पण चरबी मात्र फारशी कमी नसते. आपल्यापैकी अनेकांची सुरुवातच अशी होते. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन मानतात आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात.

यातून महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू आपल्याकडे आधीच कमी आहेत.

मग तुम्ही काय करावं?

- क्रम ठरवा. शर्यतीला चार-पाच महिने असतील तर आधीचे महिने वजनासाठी ठेवा. शेवटचे सहा आठवडे आहारातली कपात थांबवा आणि फक्त तयारी करा.
- कपात छोटी ठेवा. रोज ३०० ते ५०० कॅलरी पुरे. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे.
- धावायच्या दिवशी खा. लांब धावण्याच्या आदल्या रात्री भात किंवा भाकरी, सकाळी केळं. दीड तासापेक्षा जास्त धावणार असाल तर वाटेतही थोडं गोड घ्या. कपात करायची ती विश्रांतीच्या दिवशी, तीही तळलेले पदार्थ, फरसाण आणि साखरेत.
- प्रथिनं प्रत्येक जेवणात हवीत. उसळ, डाळ, दही, पनीर, अंडी, मासे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.
- आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम करा. बैठका, जोर, वजनं उचलणं.
- कंबर मोजा. काटा स्थिर असून कंबर कमी होत असेल तर तुम्ही योग्य मार्गावर आहात.

पुढील लक्षणं दिसली तर सराव थांबवून डॉक्टरांना भेटा: छातीत दुखणं, चक्कर, मासिक पाळी बंद होणं, हाडाला पुन्हा पुन्हा बारीक तडा जाणं, झोप होऊनही न जाणारा थकवा. कमी खाऊन जास्त व्यायाम केल्याने हार्मोन आणि हाडांवर होणाऱ्या परिणामांना २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी स्वतंत्र नाव दिलं, आणि हे पुरुषांमध्येही होतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर विशेष काळजी घ्या. खाणं कमी, धावणं जास्त आणि औषध तेवढंच, असं झालं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. सराव सुरू करण्याआधी औषधाचा डोस तपासून घ्या आणि खिशात ग्लुकोज ठेवा.

यंदा दोन्ही साधलं नाही तरी बिघडत नाही. शर्यत पुढच्या डिसेंबरलाही असेल. तोवर जमेल तेव्हा पर्वती चढत राहा आणि पोटभर, पण मोजून जेवा.