वीस आठवड्यांची मर्यादा

वैद्यकीय कारणासाठी गर्भपात करावा का, हा प्रश्न भारतीय वैद्यकाला जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाच्या चिकित्सेचे प्रकरण आहे. गर्भ मृत असेल तर विलंब न लावता शस्त्राने बाहेर काढावा. जिवंत असेल तर त्यावर शस्त्र चालवू नये, असा तेथील दंडक आहे. धर्मशास्त्राने भ्रूणहत्येला घोर पातक मानले. गरोदर स्त्रीवर उपचार करणाऱ्याला या दोन्हींचे भान ठेवावे लागे.

ब्रिटिश अमदानीत 1860 च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. कलम 312 नुसार तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. गर्भपात करवून घेणारी स्त्रीही त्यातून सुटत नसे. अपवाद एकच होता, स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात. परिणामी अनेक स्त्रिया चोरून, अप्रशिक्षित हातांकडे जात. त्यात कित्येक दगावत.

ही परिस्थिती तपासण्यासाठी केंद्र सरकारने 1964 मध्ये समिती नेमली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह तिचे अध्यक्ष होते. डिसेंबर 1966 मध्ये समितीचा अहवाल आला आणि त्यातून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा घडला. 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. त्याने दंडसंहितेतील गुन्हा रद्द केला नाही. नोंदणीकृत डॉक्टरला ठरावीक अटींवर संरक्षण दिले. स्त्रीच्या जिवाला धोका, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, किंवा बाळाला गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता ही कारणे मान्य झाली. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, त्यापुढे वीस आठवड्यांपर्यंत दोघांचे मत आवश्यक होते. वीस आठवड्यांनंतर केवळ जीव वाचवण्यासाठीच गर्भपाताला मुभा होती. स्त्रीची संमती अनिवार्य असली तरी निर्णयाचा अधिकार डॉक्टरच्या मताकडे राहिला.

गर्भातील व्यंग जन्माआधी कळणे तेव्हा दुर्मीळ होते. सत्तरच्या दशकात गर्भजल परीक्षा आली आणि पाठोपाठ सोनोग्राफी. जी तपासणी आनुवंशिक दोष दाखवी, तीच मुलगा की मुलगी हेही सांगे. मुंबईत स्त्री-संघटनांनी याविरुद्ध आंदोलन उभारले आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. दोन्ही कायद्यांनी लिंग पाहण्यास मनाई केली. गंभीर आनुवंशिक दोष पाहण्यास मात्र परवानगी ठेवली. मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात गुन्हा आणि व्यंग आहे म्हणून केलेला गर्भपात उपचार, ही सीमारेषा तेव्हा आखली गेली. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तिच्यावर आक्षेप घेतला. अशा कायद्यातून अपंगांचे जगणे कमी मोलाचे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा पक्ष असे सांगे की, आयुष्यभराची शुश्रूषा ज्या आईबापांच्या वाट्याला येणार, त्यांच्यावर ती लादणेही न्याय्य नाही.

मर्यादेचा प्रश्न 2008 मध्ये ऐरणीवर आला. व्यंग शोधणारी सविस्तर सोनोग्राफी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते. काही हृदयदोष त्याहून उशिरा दिसतात. अशाच एका दोषाचे निदान उशिरा झाल्यावर मुंबईतील एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुदत उलटली होती आणि आईच्या जिवाला धोका नव्हता. मर्यादा बदलणे हे संसदेचे काम असल्याचे सांगत न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढील वर्षी दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संततीविषयक निवड हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. 2016 नंतर वीस आठवडे उलटलेल्या अनेक प्रकरणांत त्याने वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवून परवानगी दिली.

संसदेने 2021 मध्ये कायदा सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले आणि बलात्कारपीडितांसह काही ठरावीक गटांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली. गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितल्यास कालमर्यादाच उरली नाही. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचा तज्ज्ञ असतो. नियमांनुसार मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांची तरतूद लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले.

नवा पेच ऑक्टोबर 2023 मध्ये दिसला. प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या एका विवाहितेने सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास परवानगी मागितली. गर्भ जिवंत जन्मण्याची शक्यता होती. मग त्याच्या हृदयाची क्रिया थांबवायची का, असा प्रश्न डॉक्टरांनी न्यायालयापुढे ठेवला. गर्भात व्यंग नाही आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, या कारणांनी परवानगी नाकारली गेली. म्हणजे चोवीस आठवड्यांनंतर गर्भातील मोठ्या व्यंगासाठी दार खुले राहिले आणि आईच्या मानसिक आजारासाठी बंद. 1971 च्या कायद्यात ही दोन्ही कारणे वीस आठवड्यांच्या एकाच मर्यादेत होती; त्यांच्यातील हे अंतर 2021 च्या सुधारणेने निर्माण केले.