पाठीवर ११, पाठीवर २०

दारातून शिरता शिरता आधी वास येतो. पॉपकॉर्नचा, ओल्या लोकरीचा आणि त्यांच्यामागून बर्फाचा; फ्रीजरचं दार उघडल्यावर नाकाला झोंबतो तसा. तारीख १९ जानेवारी २०१३, वार शनिवार. गाव सेंट पॉल, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. एक्सेल एनर्जी सेंटरच्या पायऱ्या तुम्ही जपून उतरताय. इथल्या हजारो माणसांत पुढचं सगळं ठाऊक असलेले तुम्ही एकटेच.

हॉकी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी हिरवीगार टर्फ आज विसरा. समोर २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फ आहे. चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणायचं. इंचभर जाड, तीन इंच रुंद; उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवलेली. वर भोवतीनं राज्यातल्या शाळांच्या हॉकी संघांच्या जर्सी टांगल्यात. हे राज्य स्वतःला ‘हॉकीचं राज्य’ म्हणवून घेतं आणि त्यात त्याला जराही संकोच वाटत नाही.

शेजारच्या खुर्चीत एक म्हातारबाबा, डोक्यावर नॉर्थ स्टार्सची विटलेली टोपी. तो इथला जुना संघ. १९९३ मध्ये तो उचलून डॅलसला नेला. सात वर्षं राज्य रिकामं राहिलं, मग २००० मध्ये हा मिनेसोटा वाइल्ड आला.

“अकरा नंबर बघा,” बाबा कोपरानं ढोसतात. “याचा बाप आमच्या नॉर्थ स्टार्समध्ये होता. पोरगं घरी आलं.”

अकरा म्हणजे झॅक परिझे. वीस नंबर रायन सूटर. शेजारच्या विस्कॉन्सिनचा, सासुरवाडी मिनेसोटातली. त्याचे वडील १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी संघात होते. गेल्या उन्हाळ्यात दोघंही फ्री एजंट झाले, म्हणजे करार संपून मोकळे. परिझे न्यू जर्सीचा कर्णधार होता, सूटर नॅशव्हिलचा आधारस्तंभ. दोघांनी आपसात बोलून ठरवलं आणि ४ जुलै २०१२ ला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, वाइल्डला होकार कळवला. प्रत्येकी १३ वर्षं, प्रत्येकी ९ कोटी ८० लाख डॉलर. ज्या संघानं आदल्या मोसमात अख्ख्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये सर्वांत कमी गोल केले होते, त्या संघानं हे धाडस केलं.

माइकवरून एकजण कंठ फाटेस्तोवर ओरडतो, “लेट्स प्ले हॉकी!” आणि छप्पर हादरतं. लोक महिनोन्‌महिने उपाशी आहेत. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात सप्टेंबरपासून टाळं होतं. ८२ सामन्यांचा मोसम ४८ वर आलाय. त्या भांडणातला एक मुद्दा असल्या लांबलचक करारांचाच होता. नव्या समझोत्यात बाहेरच्या खेळाडूसाठी सात वर्षांची मर्यादा आली. या दोघांची तेरा मात्र तशीच राहिली.

आता पकवरची नजर काढा. वीस नंबरवर ठेवा.

पक त्याच्या मागच्या कोपऱ्यात जाते. तो ती आणायला वळतो, आणि जाता जाता आधी डाव्या, मग उजव्या खांद्यावरून मागे बघून घेतो. आजच्या प्रतिस्पर्धी कोलोराडो संघाचा एक गडी त्याला काचेवर चिरडायला सुसाट निघालाय. सूटरच्या पायांना घाई नाही. पकला तो स्टिक जेमतेम टेकवतो, ती साथीदाराच्या स्टिकवर जाऊन विसावते, आणि धावून आलेला गडी रिकाम्या जागेवर धडकतो. धाडकन आवाज होतो. प्रेक्षकांतून टाळीही पडत नाही. हे करायचेच त्याला पैसे मिळतात, आणि हे गोलफलकावर उमटत नाही.

परिझेचं तसं नाही. त्याचं काम लख्ख दिसतं. गोलपोस्टसमोरच्या गर्दीत, जिथे पाठीवर स्टिकचे रट्टे बसतात तिथेच तो ठाण मांडून असतो. पडतो, उठतो, पुन्हा तिथेच. या दोघांना पाहायला आलेल्या लोकांपुढे गोल मात्र फिनलंडहून आलेला २० वर्षांचा मिकाएल ग्रानलुंड करून जातो. हा त्याचा लीगमधला पहिलाच सामना.

डोळे मिटा. उघडाल तेव्हा फेब्रुवारी असेल.

तीच खुर्ची, हवा मात्र पालटलीय. परिझे ठीक चाललाय, पण सूटर अडखळतोय. नवा संघ, नवी पद्धत, साथीदाराशी सूर जुळत नाही. मागच्या रांगेतून शेरा येतो, “एवढे पैसे ओतले ते याच्यासाठी?” बाबा गप्प. मग प्रशिक्षक माइक यो त्याच्या जोडीला योनास ब्रोदिन नावाचा १९ वर्षांचा स्वीडिश पोरगा देतात, आणि एकाएकी सगळं जागच्या जागी बसतं. पोरगा निर्धास्त स्केटिंग करतो, कारण शेजारी सूटर आहे. सूटर निवांत होतो, कारण परतलेला पास हवा तिथेच येतो. सामना साठ मिनिटांचा. सूटर सरासरी २७ मिनिटं १६ सेकंद बर्फावर, लीगमध्ये सर्वांत जास्त. बाकीचे धापा टाकत बाकावर येतात, आणि हा शिळोप्याच्या गप्पांतून उठावं तसा उठतो.

पुन्हा मिटा. २७ एप्रिल, डेन्व्हर. मोसमाचा शेवटचा सामना, पुन्हा कोलोराडोशीच. वाइल्ड ३-१ जिंकतं. गुण ५५. कोलंबसचेही ५५. नियमाच्या बारीक फरकानं वाइल्ड आठव्या जागेवर, म्हणजे २००८ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, चषकाच्या बाद फेऱ्यांत. परिझेचे १८ गोल, गोल आणि गोलसाहाय्य मिळून ३८ गुण, संघात सर्वाधिक. सूटर सर्वोत्तम बचावपटूच्या नॉरिस ट्रॉफीच्या मतदानात दुसरा, फक्त पी. के. सुबानच्या मागे. पहिल्या फेरीत शिकागो पाच सामन्यांत घरी पाठवतं, पण शिकागो तर पुढे चषकच उचलतं. पैसे वसूल?

त्याचं उत्तर हवं असेल तर लांबची उडी घ्यावी लागेल. १३ जुलै २०२१. नऊ मोसम झाले, संघ दुसऱ्या फेरीपलीकडे कधीच गेला नाही. वाइल्डनं एकाच दिवशी दोघांचे करार पैसे देऊन मोडलेत. लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. दोघं खेळत होते तेव्हा त्या मर्यादेतले दीड कोटी डॉलर त्यांच्या नावे जात. २०२३-२४ मध्ये ते दुसरीकडे खेळतायत, तरी वाइल्डच्या खात्यावर १ कोटी ४७ लाख तसेच. छोटी रक्कम २०२८-२९ पर्यंत रेंगाळणार. खेळ उधारीवर ठेवता येत नाही. पगार ठेवता येतो, आणि तो ठेवलाच.

परत या. १९ जानेवारी, रात्र. गोलफलकावर ४-२, वाइल्डचा विजय. लोक जाकिटांच्या चेनी ओढतायत. बर्फावर सूटर हळूहळू बाहेर निघालाय. परवा त्याला अठ्ठावीसावं वर्ष पूर्ण होईल.

“काय, कसे वाटले आमचे नवे?” बाबा विचारतात.

ब्रोदिन, नॉरिस, तो बारीक फरकानं मिळालेला आठवा नंबर, तो दीड कोटींचा डोंगर. तुमच्या जिभेवर सगळं एकदम येतं, आणि तिथेच अडकतं. बाबाच टोपी सारखी करत उठतात.

“एका सामन्यावर काय सांगणार म्हणा. एप्रिलमध्ये विचारा मला.”

तुम्ही मान डोलावता. एप्रिल चांगली तारीख आहे. त्यांना तुम्ही तेवढ्यावरच सोडता.