पाहुण्याची वही कोणाकडे?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझा भाचा साकोलीकडून भंडाऱ्याला आला, तो खिशात घडी घातलेला एक कागद घेऊनच. पिटेझरीच्या रस्त्यावर, नागझिऱ्याच्या फाटकापासून थोड्या अंतरावर, त्याने चार खोल्या बांधल्या आहेत. जंगल पाहायला येणारे लोक तिथे मुक्काम करतात, त्याची आई म्हणजे माझी बहीण त्यांना रांधून वाढते. कागदावर त्याने एका प्रशिक्षणात ऐकलेले शब्द उतरवले होते : ओटीए, लिस्टिंग, इम्प्रेशन, क्लिक, कन्व्हर्जन, एसईओ, रेट पॅरिटी, रिव्ह्यू.

“मामाजी, तुम्ही एवढी वर्षे शाळेत इतिहास शिकवला. यातला एक तरी शब्द तुमच्या इतिहासात सापडतो का?” त्याने विचारले. स्वर चेष्टेचा होता, पण चेहरा नव्हता. त्याने महिन्याचा हिशेब माझ्यापुढे ठेवला. दोन हजार रुपयांची खोली. ती एका कंपनीच्या संकेतस्थळावरून विकली गेली. कंपनीचे कमिशन अठरा टक्के, म्हणजे ३६० रुपये. त्या कमिशनवर पुन्हा अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ६४ रुपये ८० पैसे. हाती उरले १,५७५ रुपये २० पैसे. त्यातच वीज, चादरी धुणे, सकाळचे पोहे आणि बँकेचा हप्ता. “शब्द इंग्रजी आहेत, पण पैसे माझे जातात,” तो म्हणाला.

मी त्या दिवशी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि कागद ठेवून घेतला. नंतरच्या काही आठवड्यांत त्या शब्दांचा माग काढताना मला जे दिसले, तेच आज सांगणार आहे.

आपल्या जिल्ह्यात मुक्कामाची सोय ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईहून कोलकात्याला जाणारा हमरस्ता भंडारा, लाखनी, साकोली असाच जातो. त्या रस्त्यावर ‘लॉजिंग-बोर्डिंग’च्या पाट्या आमच्या लहानपणापासून आहेत. सरकारी माणसासाठी विश्रामगृह, देवाच्या माणसासाठी धर्मशाळा आणि बाकीच्यांसाठी सोयरे. नागझिऱ्याच्या जंगलात तळ्याकाठी वनखात्याची विश्रामगृहे होती. तिथे राहायचे तर वनखात्याच्या कार्यालयाला पत्र लिहायचे आणि उत्तराची वाट पाहायची. तरीही पुण्या-मुंबईची माणसे तिथे येत. कशी? व्यंकटेश माडगूळकर तिथे जाऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. ते पुस्तक हातात घेऊन तळे शोधत आलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. आज ‘कंटेंट मार्केटिंग’ असा एक शब्द वापरतात. आपल्या मालाची थेट जाहिरात न करता त्याविषयी वाचनीय असे काही लोकांपुढे ठेवायचे आणि त्यांना आपल्याकडे ओढायचे, असा त्याचा अर्थ. माडगूळकरांना खोल्या विकायच्या नव्हत्या, म्हणून त्यांना हा शब्द लावणे मला रुचत नाही. पण परिणाम तोच झाला.

आता कागदावरचा पहिला शब्द घेऊ. ओटीए म्हणजे ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सी. हॉटेल तिचे नाही, पाहुणाही तिचा नाही; दोघांची गाठ घालून द्यायची आणि मधला वाटा घ्यायचा, हा तिचा धंदा. हॉलंडमध्ये आणि अमेरिकेत अशा कंपन्या १९९६ मध्ये निघाल्या. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट खुले केले. २००० मध्ये मेकमायट्रिप सुरू झाली, तीही आधी अमेरिकेतल्या भारतीयांना मायदेशीची तिकिटे विकण्यासाठी. २००२ पासून रेल्वेचे तिकीट संगणकावर मिळू लागले आणि न पाहिलेल्या दुकानदाराला आधी पैसे द्यायची सवय आपल्याला लागली.

पण पैसे आधी, मुक्काम नंतर आणि हॉटेलवाल्याला कमिशन कापून उरलेली रक्कम, ही रीत याहून फार जुनी आहे. इंग्लंडच्या टॉमस कुकने १८६८ च्या सुमारास हॉटेलची कूपने काढली. प्रवासी कुककडे पैसे भरून कूपन घेई आणि हॉटेलात पैशांऐवजी ते देई. हॉटेलवाला ते कूपन कुककडे पाठवून आपली रक्कम वसूल करी, अर्थात कुकचा वाटा वजा जाता. १८८१ मध्ये कुकची कचेरी मुंबईतही उघडली. माझ्या भाच्याच्या फोनवर जे बुकिंग येते, ते त्याच कूपनचे नातवंड म्हणायचे.

आणि कुकच्याही आधीपासून आपल्याकडे तीर्थोपाध्याय होते. नाशिक-त्र्यंबकेश्वर म्हणा, काशी-प्रयाग म्हणा, गावोगावच्या घराण्यांची नामावळी त्यांच्या वह्यांत असे, आजही आहे. आजोबा कधी आले, सोबत कोण होते, गाव कोणते, कूळ कोणते. यात्रेकरू स्टेशनवर उतरला की गाव विचारायचे. गाव जुळले की तो यजमान आपला. राहायला त्यांचाच वाडा, जेवणही तिथेच. दुसऱ्या उपाध्यायाने त्याला नेण्याचा प्रयत्न केला तर तंटा. भावाभावांत वाटण्या होत तेव्हा या वह्यांचीही वाटणी होई, कारण घराइतकीच वहीला किंमत होती. आज ‘कस्टमर डेटा’ म्हणून ज्याची एवढी चर्चा चालते, ती हीच वही.

हे लक्षात आल्यावर मला भाच्याच्या हिशेबातली खरी खोट दिसली. कमिशन ही अर्धीच गोष्ट होती. कंपनीकडून येणाऱ्या पाहुण्याचा खरा फोन नंबर किंवा ई-मेल त्याला आधी कळतच नव्हता. निरोप जायचा तोही कंपनीच्या खिडकीतून. तोच पाहुणा पुढच्या वर्षी आला तरी पुन्हा कंपनीकडूनच, पुन्हा अठरा टक्के देऊन. खोली याची, भात याच्या आईच्या हातचा आणि वही मात्र दुसऱ्याकडे.

लिस्टिंग म्हणजे त्या संकेतस्थळावरची आपल्या जागेची नोंद : फोटो, भाडे, सोयी. नोंद झाली म्हणजे झाले असे नाही. ती कितव्या क्रमांकावर दिसते यावर सारे ठरते. याचाही एक चांगला इतिहास आहे. अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने आयबीएमच्या मदतीने ‘सेबर’ नावाची संगणकीय आरक्षण व्यवस्था उभी केली आणि १९७६ पासून ती प्रवासी एजंटांच्या टेबलांवर बसवली. एजंट पडद्यावर पहिल्यांदा जे दिसे त्यातूनच बहुतेक तिकिटे काढत. मग पडद्यावर वर कोणाची विमाने? ज्याचा पडदा त्याची. इतर कंपन्यांनी ओरड केली आणि १९८४ मध्ये अमेरिकी सरकारने नियम करून हा पक्षपात बंद केला. आज ओटीएच्या यादीत काही नावांशेजारी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. म्हणजे वरच्या जागेसाठी जादा पैसे मोजले गेले आहेत. निदान लिहिलेले तरी असते.

इम्प्रेशन, क्लिक आणि कन्व्हर्जन हे तीन शब्द मी भाच्याला बाजारावरून समजावले. आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानासमोरून हजार माणसे गेली आणि त्यांच्या नजरेला पितळेची घागर पडली, तर ते हजार इम्प्रेशन. त्यातली तीस माणसे थांबली, घागर हातात घेऊन वाजवून पाहिली, ते तीस क्लिक. एकाने पैसे मोजले, ते कन्व्हर्जन. भांडी घडवण्यासाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या माणसाला एवढे पुरे. संकेतस्थळांवरच्या जाहिरातपट्ट्या २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळापासून रुळल्या. तेव्हा जागेचे पैसे घेत, वर्तमानपत्रात घेतात तसे. १९९८ मध्ये ‘गोटू’ नावाच्या कंपनीने दर क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि गुगलने तीच रीत पुढे जगभर नेली. छोट्या माणसाच्या दृष्टीने ही रीत बरी, पण एक धोका आहे. घागर वाजवून पाहणाऱ्याचेही पैसे दुकानदारालाच पडतात. भाच्याने एकदा अशी जाहिरात दिली होती. क्लिक भरपूर आले, मुक्कामाला एकही आला नाही. फोटो नीट नव्हते, आणि भाडे कुठे लिहिलेच नव्हते.

एसईओचा अर्थ असा की लोक शोधताना जे शब्द वापरतात, ते आपल्या मजकुरात असावेत, म्हणजे पैसे न देताही आपले नाव वर येते. इथे आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिऱ्याचे बरेचसे जंगल तिकडे गेले. पिटेझरीचे फाटक मात्र आपल्या साकोली तालुक्यात राहिले. मुंबईचा माणूस शोधतो ‘नागझिरा, गोंदिया’. संगणक त्याला गोंदिया शहरातली हॉटेले दाखवतो आणि तो बिचारा जंगलापासून कितीतरी दूर मुक्काम करून पहाटे तीनला उठतो. भाच्याच्या पानावर आधी गावाचे नाव आणि ‘जिल्हा भंडारा’ एवढेच होते. आता त्याने ‘पिटेझरी फाटक’, ‘नागझिरा’, ‘नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प’, ‘साकोली’ हे सारे शब्द घातले आहेत, फाटकापर्यंतचे अंतरही लिहिले आहे. गुगलच्या नकाशावर जागेची नोंद करायला पैसे पडत नाहीत. ती त्याने केलीच नव्हती. ते काम एका दुपारचे निघाले.

रिव्ह्यूची मला फारशी धास्ती वाटत नाही. इंग्रजांच्या डाक बंगल्यातही टेबलावर अभिप्रायाची वही असे आणि कोंबडी वातड होती, खानसामा उशिरा उठला, असले शेरे साहेबलोक तिच्यात ओढत. फरक इतकाच की ती वही पुढचा मुक्कामी तिथे पोचल्यावर वाचायचा. आता तो निघण्याआधीच वाचतो. भाच्याला एकाने पाचपैकी एक तारा दिला. कारण? वाघ दिसला नाही. बहीण दोन दिवस जेवली नाही नीट. मी सांगितले, भांडू नको, उत्तर लिही : ‘वाघ आमच्या हाती नाही, पुन्हा या, चिन्नोरचा भात मात्र नक्की मिळेल.’ नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ वाघ उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला, त्याला पाहायला माणसे लोटली आणि २०१६ च्या एप्रिलपासून तो दिसलाच नाही. वाघाच्या भरवशावर ज्यांनी पाट्या लावल्या, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

राहिला रेट पॅरिटी. हा शब्द सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा. आमच्या संकेतस्थळावर जे भाडे आहे, त्याहून कमी भाड्यात तुम्ही दुसरीकडे, अगदी स्वतःच्या दारातही, खोली द्यायची नाही, अशी करारातली अट. भाच्याने नागपूरच्या एका ओळखीच्या कुटुंबाला फोनवर अठराशेत खोली दिली आणि ते भाडे आपल्या पानावरही टाकले. चार दिवसांत एका कंपनीचा निरोप आला, भाडे सारखे करा. करारावर सही त्याचीच होती. वाचला नव्हता एवढेच.

ही तक्रार त्याच्या एकट्याची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेल्या होत्या. १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड सांगितला आणि मेकमायट्रिपला करारांतली सारख्या भाड्याची अट बदलायला सांगितले. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. पण चार खोल्यांच्या मालकाने करार वाचावा आणि ही अट असेल तर विचारावे, एवढी जागा त्या आदेशाने करून दिली आहे.

वहीचे काय, हा प्रश्न उरलाच होता. उत्तर त्याच्याच टेबलावर होते. १८६७ मध्ये इंग्रजांनी सराय कायदा केला आणि सराईवाल्याला सरकारदरबारी नोंद करायला लावली. मुक्कामाला कोण उतरले यावर सरकारची नजर तेव्हापासूनची. आजही प्रत्येक लॉजवर रजिस्टर असते. पाहुणा दारात आला की नाव, गाव, फोन लिहून सही करतो. भाचा ते रजिस्टर फक्त पोलिसांसाठी ठेवत होता. मी म्हणालो, त्यातले नंबर परस्पर वापरू नको, तो विश्वासघात होईल आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीबद्दलचा कायदाही झाला आहे. निघताना विचार, पुढच्या हंगामात कळवले तर चालेल का? हो म्हणतील त्यांचे वेगळ्या वहीत लिही.

त्याने लांब पानांची वही आणली. नाव, गाव, फोन, मुले किती, तिखट चालते का आणि शेवटी कमिशन, असे रकाने पाडले. पावसाळ्यात जंगल बंद असते, तेव्हा बसून त्याने वहीतल्या पाहुण्यांना एकेक फोन केला. निम्म्याहून जास्त पाहुणे अजूनही कंपन्यांकडूनच येतात आणि त्यांचे खाते तो बंद करणार नाही. अनोळखी माणूस त्यांच्यावाचून त्याच्या दारापर्यंत पोचायचा नाही, हे त्यालाही कळते. ऑक्टोबरात फाटक उघडले, त्या आठवड्यात चारपैकी एक खोली वहीतून भरली होती. नागपूरचेच ते कुटुंब. माझ्या बहिणीने त्यांच्यासाठी मिरची कमी घातली.